टार्बेलबाईंचा ‘स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास’ : साधनांची आणि वाटणीची चिकित्सा

ज्या पृष्ठांवर शिवकालीन महजर, निवाडपत्रें आणि पेशवाईंतील जमाखर्च छापावयाचे, त्या पृष्ठांवर अमेरिकेंतील एका तेलकंपनीच्या इतिहासाचें परीक्षण कशासाठीं, असा प्रश्न वाचकांच्या मनांत उद्भवणें साहजिक आहे. त्याचें उत्तर आम्ही आरंभींच देतों. इडा मिनर्व्हा टार्बेल या विदुषीचा ‘स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास’ हा द्विखंडात्मक ग्रंथ इ. स. १९०४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढें सात वर्षांनीं, ता. १५ मे १९११ रोजीं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्या कंपनीच्या विघटनाचा निवाडा कायम केला. केवळ ग्रंथामुळें निवाडा झाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु हा ग्रंथ ज्या कागदांवर उभा आहे, ते कागद कसे हातीं आले व कसे तपासले गेले, ही हकीकत कागद जमविणाऱ्या प्रत्येकानें वाचण्याजोगी आहे. शिवाय त्या कंपनीच्या वाटणीचे धागे मुंबई-पुण्याच्या बाजारापर्यंत येऊन पोंचतात, आणि ते धागे दाखविणारे येथील कागद आमच्या डोळ्यांदेखत रद्दींत जात आहेत. हें दुसरें कारण पहिल्याहून अधिक निकडीचें आहे.

प्रथम ग्रंथाचा विषय थोडक्यांत सांगतों. जॉन डी. रॉकफेलर प्रभृतींनीं इ. स. १८७० मध्यें ओहायो संस्थानांत ही कंपनी स्थापिली. दोन वर्षांनीं कांहीं रेल्वे कंपन्या आणि तेल शुद्ध करणारे कांहीं कारखानदार यांनीं ‘साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी’ या नांवाखालीं एक गुप्त करार केला. त्याची मख्खी अशी कीं, कटांतील मंडळींना स्वतःच्या मालाच्या भाड्यांत सूट मिळावयाची ती मिळावयाचीच; पण प्रतिस्पर्ध्यानें आपल्या मालासाठीं जें भाडें भरावें, त्यांतीलहि कांहीं भाग या मंडळींच्याच पदरांत पडावयाचा. देशमुखानें आपल्या परगण्याचा हक्क तर घ्यावाच, पण शेजारच्या परगण्यांत दुसऱ्यानें भरलेल्या जकातींतूनहि वाटा उचलावा, तसा हा प्रकार. बोभाटा होऊन त्याच वर्षीं तो करार मोडला. परंतु त्याच्या धाकाखालीं क्लीव्हलंड शहरांतील २६ प्रतिस्पर्धी कारखान्यांपैकीं २२ कारखाने थोडक्या आठवड्यांत स्टँडर्डच्या ताब्यांत गेले होते. इ. स. १८८० च्या सुमारास अमेरिकेंतील तेलशुद्धीचा सुमारें नऊदशांश व्यवहार या एका मंडळीच्या हातीं होता. ता. २ जानेवारी १८८२ च्या करारानें निरनिराळ्या कंपन्यांचे भाग नऊ विश्वस्तांच्या स्वाधीन करण्यांत आले. ओहायोच्या न्यायालयानें इ. स. १८९२ मध्यें ही व्यवस्था बेकायदा ठरविली, तेव्हां इ. स. १८९९ मध्यें न्यू जर्सी संस्थानांतील कंपनी मुख्य करून तीच व्यवस्था नव्या वेषांत चालू राहिली.

आतां साधनांविषयीं. टार्बेलबाईंनीं कामास आरंभ केला तेव्हां साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीसंबंधीं छापलेली एक पुस्तिका पूर्वीं होती, पण तिच्या सर्व प्रती नाहींशा करण्यांत आल्या आहेत, असें त्यांना सांगण्यांत आलें. बाईंनीं तें ऐकून घेतलें, पण मानलें नाहीं. शोध चालू ठेवितां न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत तिची एक प्रत सांपडली. ‘प्रत उरलेली नाहीं’ हें वाक्य आपण सर्वांनींच कितीदां ऐकलें असेल! देवघरांतील फडताळांत, माळ्यावरच्या पेटाऱ्यांत, कधीं कधीं पोथीच्या पुठ्ठ्याच्या अस्तरांत ती प्रत निघते. आमच्या मतें या ग्रंथाचा पहिला धडा हाच कीं, नास्तित्वाची वार्ता हें नास्तित्वाचें प्रमाण नव्हे.

दुसरी हकीकत याहून मनोवेधक आहे. स्टँडर्डच्या एका कार्यालयांतील पोऱ्याकडे दरमहा जुने कागद जाळण्याचें काम होतें. एके दिवशीं जाळावयाच्या कागदांत त्याला एक ओळखीचें नांव दिसलें. तें त्याच्या रविवारच्या धर्मपाठशाळेंतील शिक्षकाचें होतें, आणि ते गृहस्थ स्वतंत्रपणें तेलाचा धंदा करीत असत. त्यांचा माल कोठून कोठें, केव्हां व किती जातो, याची बातमी रेल्वेचे कारकून स्टँडर्डला पुरवीत असल्याचें त्या कागदांवरून स्पष्ट होत होतें. मुलानें ते कागद आगींत न टाकतां शिक्षकाच्या हातीं दिले व त्यांनीं ते टार्बेलबाईंकडे पोंचविले. दुसऱ्या खंडांतील, प्रतिस्पर्ध्याचा जीव घेण्यासाठीं भाव पाडण्याविषयींचें प्रकरण मुख्यतः याच कागदांच्या बळावर लिहिलेलें आहे. आम्हीं सारा जन्म शाळेंत घालविला असल्यामुळें ही हकीकत आम्हांस विशेष भावते हें कबूल करितों. परंतु भावनेपलीकडेहि तिचें महत्त्व आहे. हे कागद कोणी चव्हाट्यावर मांडण्यासाठीं लिहिले नव्हते. रोजच्या कामासाठीं लिहून काम संपल्यावर जाळण्यासाठीं ठेविले होते. ज्या लेखाला आपण इतिहासाचे साक्षी आहों याची जाणीव नाहीं, त्याची साक्ष सर्वांत बळकट. कै. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढून बखरीपेक्षां अस्सल पत्राला जें श्रेष्ठत्व दिलें, त्याचें मर्म हेंच होतें. अमेरिकेंत एक बाई आणि महाराष्ट्रांत एक संशोधक, परस्परांना न ओळखतां, सहा वर्षांच्या अंतरानें एकाच पद्धतीला पोंचले, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

ग्रंथाचे आणखी दोन गुण सांगितले पाहिजेत. एक असा कीं, बाईंनीं प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकलें. कंपनीचे एक प्रमुख चालक हेन्री रॉजर्स यांच्याशीं त्यांच्या भेटी बराच काळ चालू होत्या. उपरिनिर्दिष्ट कागद छापले जाईपर्यंत हा संबंध टिकला. दुसरा असा कीं, शत्रूचें जें खरोखर मोठेपण आहे, त्याला त्यांनीं एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. काटकसर, हिशेबाची शिस्त, नळांनीं तेल वाहून नेण्याची योजना, टाकाऊ अंशापासून नवे जिन्नस काढण्याची कला, यांचें वर्णन वाचतांना लेखिकेची लेखणी आखडलेली दिसत नाहीं. मूळ करार व साक्षी ग्रंथाच्या शेवटीं परिशिष्टांत दिल्यामुळें वाचकास लेखिकेशीं मतभेद करण्याचें साधनहि तेथल्या तेथें मिळतें. जो लेखक आपणाविरुद्ध वापरतां येईल असा पुरावा स्वतःच छापतो, त्याच्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं.

आतां दोष. टार्बेलबाईंचे वडील पेनसिल्व्हानियाच्या तेलप्रदेशांत प्रथम लांकडी टांक्या बनवीत व पुढें तेलाच्या धंद्यांत पडले, इ. स. १८७२ च्या कटाची झळ लागलेल्या छोट्या धंदेवाल्यांत त्यांची गणना होती. बंधु विल्यम हे स्टँडर्डशीं स्पर्धा करणाऱ्या प्युअर ऑइल कंपनींत होते. म्हणजे लेखिका या वादांत तटस्थ नव्हती. वाद्याच्या घरांतील माणसानें लिहिलेली कैफियत खोटी असते असें नाहीं, पण ती कैफियत आहे हें वाचकानें विसरूं नये. इ. स. १९०५ मध्यें त्यांनीं रॉकफेलर यांचें जें स्वभावचित्र मासिकांत लिहिलें, त्यांत तर त्यांच्या शरीराच्या व चेहऱ्याच्या व्यंगावरहि लेखणी चालली आहे. तें न लिहिलें असतें तर बरें झालें असतें. पुढें अ‍ॅलन नेव्हिन्स यांनीं इ. स. १९४० मध्यें रॉकफेलर यांचे खासगी कागद पाहून त्यांचें बरेंच अनुकूल चरित्र लिहिलें. जॉन मॅक्गी यांनीं इ. स. १९५८ मध्यें खटल्यांतील साक्षी नव्यानें चाळून, तोटा सोसून भाव पाडल्याचा आरोप त्या पुराव्यानें सिद्ध होत नाहीं, असें प्रतिपादिलें. आम्ही मॅक्गी यांचें मत सर्वस्वीं स्वीकारीत नाहीं. रेल्वेच्या कारकुनांकडून मिळविलेल्या बातम्यांचें समर्थन त्यानें होत नाहीं. तथापि एकाच दप्तरांतून दोन विरुद्ध निष्कर्ष निघूं शकतात, याचें हें उत्तम उदाहरण आहे. हें शक्य झालें, कारण दप्तर शिल्लक होतें.

या दप्तराचा विस्तारहि पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या सरकारनें नोव्हेंबर १९०६ मध्यें फिर्याद लावली. सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट यांच्यापुढें जो पुरावा आला, तो २३ छापील खंडांचा, सुमारें १२,००० पृष्ठांचा होता, असें त्यांनीं निवाड्यांतच नमूद केलें आहे. निवाडा असा झाला कीं, न्यू जर्सीच्या मुख्य कंपनीनें आपल्या ताब्यांतील ३३ कंपन्या सहा महिन्यांत आपणापासून वेगळ्या कराव्या.

येथेंच आम्हांस वाटणीपत्रें वाचण्याची आपली संवय उपयोगी पडते. जुन्या घरांतील वाटणीपत्र हातीं आलें म्हणजे आपण एवढेंच पाहत नाहीं कीं, घराचे किती भाग झाले; विहीर सामाईक राहिली काय, देव कोणाकडे गेले, उत्पन्नाचा वसूल खरोखर वेगळा होऊं लागला काय, हें पाहतों. इ. स. १९११ च्या वाटणीस हीच कसोटी लाविली म्हणजे काय दिसतें? वेगळ्या झालेल्या कंपन्यांचे भाग मुख्य कंपनीच्या भागीदारांनाच त्यांच्या त्यांच्या प्रमाणांत वांटून देण्यांत आले. रॉकफेलर यांच्याकडे मूळ कंपनीचा सुमारें चौथा हिस्सा होता. आतां प्रत्येक तुकड्याचा तितकाच हिस्सा त्यांच्याकडे आला, आणि पुढें त्या भागांचे भाव चढल्यामुळें त्यांची संपत्ति वाढली. चुली वेगळ्या झाल्या, पण कोठाराची किल्ली त्याच हातीं राहिली. म्हणून ‘इ. स. १९११ मध्यें मक्तेदारी संपली’ हें जें विधान शालेय पुस्तकांत आढळतें, तें अर्धसत्य होय. कागदोपत्रीं विघटन त्या वर्षीं झालें. व्यवहारांतील विघटन पुढें अनेक वर्षें हळूहळू, आणि तेंहि अपुरें झालें.

भीमानें जरासंधाला उभा चिरला, पण दोन्ही शकलें पुनः जुळली. विरुद्ध दिशांना टाकल्यावरच तो मेला, अशी लोककथा आपल्या परिचयाची आहे. न्यायालयानें चिरण्याचें काम केलें; शकलें मात्र एकाच अंगणांत पडूं दिलीं. तीं कशीं जुळली, हें पाहण्यास अमेरिकेंत जावयास नको. तें आपल्या बाजारांतच घडलें.

हिंदुस्थानांत स्टँडर्डचा व्यापार तिच्या न्यूयॉर्कच्या शाखा-कंपनीकडे असे. तिला संक्षेपानें ‘सोकोनी’ म्हणत. ‘रॉकेल’ हा आपला शब्दच ‘रॉक ऑइल’ म्हणजे शिलातैल याचा अपभ्रंश; ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’ याचा. एकाच पदार्थाला परदेशी व्यापारानें दिलेलीं दोन नांवें आमच्या आजीच्या तोंडीं मराठी होऊन बसलीं होतीं. तेल चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येई, दोन डब्यांची एक लांकडी पेटी असे, आणि तेल संपल्यावर डबा पाणी तापविण्यास, धान्य ठेवण्यास, शेवटीं कापून छपरावर ठोकण्यास उपयोगी पडे. इ. स. १८८६ मध्यें स्थापन झालेली बर्मा ऑइल कंपनी आणि शेल-रॉयल डच गटाची एशियाटिक कंपनी यांनीं इ. स. १९०५ मध्यें हिंदुस्थानच्या बाजारासंबंधीं करार केला. इ. स. १९११ मध्यें सोकोनी स्वतंत्र झाली. इ. स. १९२७ मध्यें तिनें रशियाचें तेल घेऊन हिंदुस्थानांत विकतांच शेल-रॉयल डच गटानें येथले भाव पाडले. त्या झगड्यांतून इ. स. १९२८ मध्यें सरकारच्या टॅरिफ बोर्डाची चौकशी निघाली, आणि त्याच वर्षीं बर्मा-शेल ही संयुक्त विक्री-कंपनी जन्मास आली. अमेरिकेंत विभागलेल्या घराची एक भावकी पुण्याच्या दिव्यांतील तेलासाठीं परक्यांशीं भांडत होती, असें म्हणतां येईल.

पुढें जरासंध जुळूं लागला. इ. स. १९३१ मध्यें सोकोनी आणि व्हॅक्यूम या, इ. स. १९११ मध्यें निराळ्या केलेल्या दोन कंपन्या एक झाल्या. इ. स. १९३३ मध्यें या संयुक्त कंपनीनें आणि न्यू जर्सीच्या मूळ मुख्य कंपनीनें मिळून पूर्वेकडील व्यापारासाठीं ‘स्टँडर्ड-व्हॅक्यूम’ काढली. म्हणजे बावीस वर्षांपूर्वी न्यायालयानें वेगळीं केलेलीं तीन घरें आपल्या बाजारांत एका पाटीखालीं नांदूं लागलीं. हिच्याच तुर्भ्याच्या तेलशुद्धि-कारखान्यांत इ. स. १९५४ मध्यें काम सुरू झालें. अमेरिकन सरकारनें इ. स. १९५३ मध्यें पुनः दावा लावला, इ. स. १९६० मध्यें समझोता झाला आणि इ. स. १९६२ मध्यें स्टँडर्ड-व्हॅक्यूमची वाटणी होऊन येथील धंदा न्यू जर्सी कंपनीच्या वांट्यास, ‘एस्सो’ या नांवानें गेला. इ. स. १९७४ च्या कायद्यानें भारत सरकारनें तो घेतला व हिंदुस्थान पेट्रोलियम निर्माण झाली. बर्मा-शेल इ. स. १९७६ मध्यें सरकारच्या ताब्यांत येऊन पुढें भारत पेट्रोलियम झाली. तिकडे इ. स. १९९९ मध्यें एक्झॉन व मोबिल, म्हणजे न्यू जर्सी आणि सोकोनी यांचे वारस, पुनः एक झाले. आपल्याकडे वाटणी सरकारीकरणानें संपली, त्यांच्याकडे पुनर्मीलनानें.

या सनावळीचा संग्राहकांस एक व्यावहारिक उपयोग आहे. देयकावर, पावतीवर किंवा पाटीवर ‘स्टँडर्ड ऑइल कंपनी ऑफ न्यूयॉर्क’ असल्यास तो लेख इ. स. १८८२ नंतरचा व साधारणतः इ. स. १९३१ पूर्वींचा समजावा. ‘स्टँडर्ड-व्हॅक्यूम’ असल्यास इ. स. १९३३ ते १९६२, ‘बर्मा-शेल’ असल्यास इ. स. १९२८ ते १९७६, ‘एस्सो’ असल्यास इ. स. १९६२ ते १९७४ या मर्यादांत तो बसवावा. एका प्रदर्शनांत ‘स्टँडर्ड-व्हॅक्यूम’ची एनॅमलची पाटी ‘एकोणिसाव्या शतकांतील’ म्हणून मांडलेली आम्हीं पाहिली. नांवाकडे लक्ष दिलें असतें तर ही चूक टळती. मात्र या मर्यादा छापण्याच्या आहेत, वापरण्याच्या नव्हेत. दुकानदार जुनी पाटी सहसा उतरवीत नाहीं. शिवाय जुन्या भासविलेल्या नव्या पाट्याहि बाजारांत येतात. म्हणून पाटी ही दुय्यम साक्षीदार. खरी साक्षीदार म्हणजे मिती घालून लिहिलेली वही.

आणि येथेंच आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वी पुण्यांतील एका पेठेंत रॉकेलचें एक पिढीजात दुकान मोडत असल्याचें आमच्या कानीं आलें. माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या वह्या आहेत असें सांगणाऱ्यानें सांगितलें होतें. आम्हीं ‘उद्यां जाऊं’ म्हणून दोन दिवस घालविले. गेलों तेव्हां पाटी एका संग्राहकानें चांगली किंमत देऊन नेली होती आणि वह्या वजनावर रद्दींत गेल्या होत्या. उंबऱ्याशीं एक सुटें पान मिळालें : डावीकडे जमा, उजवीकडे नांवें, मोडी वळणाची छटा राहिलेलें बाळबोध अक्षर, डब्यांचे आंकडे, उधारीच्या खुणा. वरचा कोपरा फाटल्यामुळें साल मात्र गेलें होतें. तें पान आजहि आमच्याजवळ आहे, आणि त्याचा काहींहि उपयोग करितां येत नाहीं. कागद जाळावयास दिलेल्या त्या पोऱ्यानें नांव वाचण्यापुरता हात थांबविला. आम्हांस ठाऊक असूनहि आमचा पाय उचलला नाहीं.

हें दुःख एका दुकानापुरतें नाहीं. टार्बेलबाईंचे कागद त्यांच्या अ‍ॅलेघनी महाविद्यालयांत आहेत. रॉकफेलर घराण्याच्या दप्तरासाठीं स्वतंत्र संस्था आहे. एक्झॉन-मोबिलचा ऐतिहासिक संग्रह टेक्सास विद्यापीठांत आहे. बर्मा ऑइल कंपनीचा दोन खंडांचा इतिहास कॉर्ली यांनीं कंपनीच्या दप्तरावरून लिहिला. वादी, प्रतिवादी आणि परका व्यापारी, तिघांचेहि कागद सुरक्षित आहेत. ज्यानें तेल विकत घेऊन जाळलें, त्याचेच तेवढे नाहींत. इ. स. १९२७ च्या भावयुद्धांत शनिवार-बुधवार पेठेंत डबा किती स्वस्त झाला, त्याचा लाभ गिऱ्हाइकास मिळाला कीं अडत्यानें मधल्यामध्यें गिळला, तेल्याच्या घाण्यावर त्याचा काय परिणाम झाला, इ. स. १९३३ मध्यें दोन पाट्यांची एक पाटी झाल्यावर उधारीच्या अटी बदलल्या काय, या प्रश्नांचीं उत्तरें टेक्सासमध्यें नाहींत. टार्बेलबाईंच्या ग्रंथांतहि नाहींत. त्यांची दृष्टि विहीर खणणाऱ्यापासून शुद्ध करणाऱ्यापर्यंत जाते, दिवा लावणाऱ्यापर्यंत येत नाहीं. हा त्यांच्या ग्रंथाचा सर्वांत मोठा अपुरेपणा, आणि तो भरून काढण्याचें काम आपल्यावांचून दुसऱ्या कोणाकडून होणारें नाहीं.

इ. स. १९१० मध्यें पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, तेव्हां लोकांच्या घरचे रुमाल बंबांत व वाण्याच्या पुड्यांत जात होते; ते वांचविण्यासाठीं मंडळी गांवोगांव पायीं हिंडली. आज वतनांचे कागद पुष्कळ अंशीं सुरक्षित झाले, पण व्यापाराचे कागद ‘कालचेच’ म्हणून आपण तुच्छ लेखतों. शंभर वर्षें होऊन गेलेला कागद कालचा नव्हे. म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंती एवढीच कीं, ज्या दुकानांतून पाटी उचलाल, त्या दुकानाच्या वह्यांचीहि चौकशी त्याच खेपेस करावी. आपणांस नको असल्यास आपल्या शहरांतील एखाद्या संशोधन-संस्थेस त्याच दिवशीं कळवावें. आणि प्रत्येक वही कोणत्या घरून, कोणत्या तारखेस मिळाली, हें तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें. टार्बेलबाईंचा ग्रंथ दोषांसह वाचनीय आहे, आणि वाचून झाल्यावर ज्याला आपल्या पेठेंतील एखाद्या बंद दुकानाकडे तत्काळ जावेंसें वाटेल, त्यानें तो नीट वाचला असें आम्ही समजूं.